उशिराचं कारण

पहाटे देवराष्ट्रे सोडलं तेव्हा
चहाच्या टपरीचं फळकूट अजून आडवंच होतं.
दस्तगीर म्हणाला, हवा कमी ठेवलीय, मुद्दाम.
मुरमावर टणक चाक उड्या मारतं,
मऊ चाक रस्त्याचं ऐकतं.

दस्तगीर मुलाणी, पलूसच्या स्टँडामागं पंक्चरचं दुकान.
त्यानंच जोडून दिली ही सायकल:
सांगाडा भंगारातला, टायर पुण्याहून मागवलेले,
रुंद, खाचाखाचांचे.
घंटी नाही.
घंटी मीच नको म्हणालो.

बत्तीस वर्षं विटा डेपो.
बत्तीस वर्षं उजवा तळवा हॉर्नवर.
म्हशींना वाजवला, उसाच्या ट्रॅक्टरांना,
वरातींना, शाळेच्या पोरांना,
एकदा एका तिरडीलाही.

वाट देवळांच्या घोळक्यातून वर निघते.
केवढाली लहान देवळं, काळ्या दगडाची, खांद्याला खांदा लावून,
फलाटावर बोचकी घेऊन बसलेल्या कुटुंबासारखी.
कुणी बांधली, कधी, ते पाटीवर लिहिलंय.
पाटी गंजलीय.

फाटकावर शिरतोडे गार्डनं वही उघडली.
नाव. गाव. वाहन?
सायकल, म्हणालो.
त्यानं थोडा विचार केला
आणि लिहिलं: निरंक.

मग कुणीच नाही.
खैर, हिवर, घाणेरीची जाळी,
मोज्यांत घुसलेली कुसळं,
आणि चाकाखाली मुरूम: सपाटीला खरखर,
वळणावर चुर्रर,
पाणी वाहून गेलेल्या चरीत एकदम गप्प.
गाडीत कानांना हे कधी पोचलंच नाही;
इंजिनाच्या शेजारी बसून म्हातारा झालो मी.

चढाला उतरलो. ढकलत.
दस्तगीर पुढं, तोही ढकलत,
माझ्यासाठी म्हणून, असं दाखवत.

माथ्यावरून कृष्णा दिसली,
उसाच्या हिरव्यात टाकलेल्या ओल्या दोरीसारखी.
खाली डांबरी, त्यावर एक लाल ठिपका.
आठ-वीसची, मी म्हणालो.
घड्याळ पाहिलं. चार मिनिटं मागं.
दस्तगीर इतका हसला
की झाडीतनं लावे उडाले.

उताराला मात्र सायकल माझी राहिली नाही.
खडे उडतायत, कोपरं थरथरतायत,
दात आवळून धरलेले,
आणि वळण सुटता सुटता
समोर सांबर.
मादी. वाटेच्या मधोमध.
मागं पिल्लू, पाय अजून कोवळे, गोंधळलेले.

ब्रेक लागायच्या आधी तळवा गेला.
हवेतच दाबला मी काहीतरी,
जोरात, दोनदा.

काही वाजलं नाही.

चाक घसरत थांबलं. धूळ पुढं गेली, तिच्या पायांपर्यंत.
ती हलली नाही. नुसती बघत राहिली.
त्या दिवशी बलवडीच्या पुलाशी
चौघं तिरडी घेऊन बाभळीत उतरले होते, माझ्यासाठी,
वेळेवर पोचायचं होतं मला.
मागल्या म्हाताऱ्यानं वळून पाहिलं.
शिवी दिली असती तर विसरलो असतो.

पिल्लू आधी गेलं. मग ती.
मग तिथं नुसती वाट होती
आणि मी एक पाय टेकून
उगाच उभा,
दस्तगीर मागनं येऊन काही न विचारता
शेजारी उभा राहीपर्यंत.

परत आलो तर शिरतोडेनं घड्याळाकडं बोट केलं.
दोन तासांचा पास, तुम्ही साडेतीन लावले.
कारण सांगा, लिहावं लागतं.

डेपोत त्या रकान्यात मी एकच लिहायचो:
रेल्वे फाटक.
खोटंच असायचं निम्म्या वेळा.

दस्तगीर उकिडवा बसून चाक फिरवत होता,
हिवराचा काटा शोधत.
मी म्हणालो, लिहा,
समोरून येणाऱ्याला वाट दिली.

समोरून? कोण होतं समोरून?

काटा निघाला. हवा सुटायला लागली, अगदी बारीक.
दस्तगीरनं भोकावर अंगठा दाबून धरला.
बोल तू, म्हणाला.
घाई नाही.