चाचणी

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
आम्ही गच्च्यांची गळती थांबवतो,
चौकशा मात्र गळायच्या आमच्याच वहीतून:
कासारवडवलीच्या बाईंचा नंबर पुसट,
कळव्याच्या सोसायटीला फोन कोणी करायचा
यातच गणपती आले नि गेले.

शेठ म्हणाले, सुलक्षणा, जोडून टाक सगळं,
कोड लिहावा लागत नाही म्हणे.
नाहीच लागला. या चौकटीतून त्या चौकटीत
एक रेघ ओढायची, टाका घ्यावा तशी.
फॉर्म भरला की शीटमध्ये ओळ,
ओळ पडली की गिऱ्हाइकाला मेसेज,
तीन दिवस उत्तर नाही तर आणखी एक,
जरा नरमाईचा.

चाचणीला माझंच नाव घातलं.
'समस्या' या रकान्यात लिहिलं:
ओल आहे. कुठून येते कळत नाही.
काहीतरी लिहायचं म्हणून.

लगेच फोन थरथरला.
'सुलक्षणाजी, आपली अडचण नोंदवली आहे.'
शाब्बास, म्हटलं, आणि डबा उघडला.
ती ओळ पुसायची राहून गेली.

चौथ्या दिवशी, तीन हात नाक्याच्या सिग्नलला, रिक्षात:
'सुलक्षणाजी, आपण काहीच कळवलं नाहीत.
सगळं ठीक आहे ना?'

मजकूर माझाच.
तो 'ना'सुद्धा मीच घातलेला,
शेठ नको म्हणत असताना.
सिग्नल सुटला तरी अंगठा
उत्तराच्या जागेवर तसाच.

ऑफिसात शिरले तर देवदत्त, हातात मोबाइल:
मॅडम, यंत्राने तुम्हाला माझ्या नावावर टाकलंय.
गरम गिऱ्हाईक, असा शेरा आहे.
शनिवारी येऊ का शिडी घेऊन?