उतरणीची रेघ

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला.
डावीकडे रेघ सपाट, मध्यावर आली की घसरलेली.
"इथून पुढचे आवाज आता तुमचे नाहीत, येमूल."
एकतीस वर्षं टॉवेलच्या मागांपाशी.
मी म्हणालो, तुळजापूरचा घाट उतरताना असाच दिसतो.
त्या हसल्या असाव्यात. मान खाली होती.

सुटीच्या दिवशी साडेपाचला गाडी काढली.
राजमणी दारात. ओठ हलले: एक्कडिकि?
मी बोटाने हवेत एक वाटोळं काढलं,
म्हणजे फिरून इथंच.
(घरात तेलुगू, नाक्यावर मराठी, मागावर हातवारे.
तीन भाषांतली तिसरीच काय ती शाबूत.)
डबा तिने आधीच बांधून ठेवलेला,
कडक भाकरी, शेंगाचटणी, दोन कांदे.
खिशात तो कागद, चौघडी घालून.

मार्च असून पहाटेला बोटं गारठली.
तामलवाडीच्या पुढे सूर्य उजव्या बाजूने वर आला
आणि माझी सावली डावीकडच्या ज्वारीच्या धसकटांवरून
गाडीसकट पळू लागली, न अडखळता.

गाडी मला आता कानांनी कळत नाही.
गुडघ्यांनी कळते. टाकीला लावलेल्या मांड्यांनी.
गिअर पडल्याचा ठोका तळपायात,
साखळीची कुरबूर माकडहाडाशी.
घाटात मागून ट्रक येतो तेव्हा
आधी आरशात लाल तोंड, मग पाठीत थरथर,
हॉर्न बहुधा त्यानंतर.
दर वळणावर आरशात बघतो.
देवापुढे इतक्यांदा मान हलवली नसेल.

धाराशिव ओलांडलं तेव्हा डांबर पाझरत होतं.
पळसाखाली डबा उघडला. कांदा हाताने फोडला.
एक वानर समोर बसून
माझ्या प्रत्येक घासाचा हिशेब ठेवत होतं.

येडशीच्या अलीकडे दक्षिणेचं आभाळ
रंगाच्या हौदासारखं झालं, निळं टाकल्यावर पहिल्या मिनिटाला होतं तसं.
मग वाऱ्याने गाडीच सरकवली, हातभर.
मग धूळ.
मग हेल्मेटवर एक, दोन,
आणि सगळं एकदम.

खट खट खट खट खट.
गारा.
कवटीतून आत, हाडांतून आत,
अगदी सोळा नंबरचा माग,
धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.
ज्याने कान खाल्ले तोच ताल
रानात, भर दुपारी, माझ्या डोक्यावर
कुणी चालू केला?
मी थांबायला हवं होतं.
शंभरेक पावलं तसाच गेलो, तोंड उघडं ठेवून.

पंक्चरवाल्या खाजाभाईच्या पत्र्याखाली
तो खूप बोलला. मी मान हलवत राहिलो.
त्याच्या लक्षात आलं. काही न म्हणता
टाकीवरच्या ओल्या धुळीत बोटाने लिहिलं: चहा ?
मी खाली लिहिलं: साखर कमी.

पुढे बार्शीकडचा उतार.
इंजिन बंद केलं, गाडी सोडून दिली.
वाटलं होतं, आता काहीतरी ऐकू येईल.
पाखरं, टायरखाली फुटणाऱ्या गारा.
काही नाही. नुसता वारा, तोही अंगाला.
फक्त लांब कुठेतरी गडगडलं, ते आलं.
ते रेघेच्या सपाट भागातलं असणार.
पाखरं उतारावर.
राजमणीचा आवाज कुठे येतो, हे विचारायचं राहिलं.

वैरागपाशी ऊन परत आलं, पिवळं, उशिराचं.
शर्ट अंगावरच वाळला. पँट नाही.
नाक्यावर दिवे लागलेले. दिवसभराची सगळी हवा
अंगावर थरांनी बसलेली, कांजीसारखी.

घरी कागद काढला तर लगदा.
शाई पसरून रेघ बोटभर जाड झालेली,
पण उतरत होती उजवीकडेच.
चुलीपाशी वाळत घातला. का, ते माहीत नाही.

राजमणीने काहीतरी विचारलं.
पुन्हा विचारलं.
तिसऱ्यांदा मी हो म्हणालो.
ती उठली आणि ताट घेऊन आली.