बिनलसणाचा डबा

पहिला पाव दगड झाला.
दुसरा वरून पाव, आतून दगड.
तिसरा मी कुणाला दाखवलाच नाही,
मुलुंडच्या घंटागाडीत गुपचूप सोडला
आणि दिवसभर मनाला टोचणी,
ओल्या कचऱ्यात टाकायला हवा होता की सुक्या?

ऋजुता बंगळुरूला जाताना ओव्हन इथेच ठेवून गेली
आणि फ्रिजवर एक चिठ्ठी:
आई, पिठाशी भांडू नकोस.
सव्वीस वर्षं रेशनिंग ऑफिसच्या खिडकीमागे बसलेल्या बाईला
हे सांगायचं!

आज चौथा.
दूध कोमट, करंगळी म्हणेल तितकंच,
चमचाभर साखर, यीस्ट.
दहा मिनिटांत फेस आला ताकासारखा, वास मात्र ताडीचा.
पीठ बोटांना सोडेना.
इथल्या हवेत सगळंच चिकटतं, मीठ, पापड, कडीकोयंडा,
तरी वरून मैदा भुरभुरायचा नाही, चिठ्ठी बजावते.
नाही भुरभुरला.
ओल्या फडक्याखाली पातेलं ठेवलं
गच्चीच्या जिन्यात, जिथे दुपारची ऊब कोंडून राहते,
आणि टाकीच्या सावलीत लसूण सोलत बसले.

तेवढ्यात मंजुळाबेन देढिया वर आल्या, पापड गोळा करायला.
समोरचं दार. अकरा वर्षं बोलणं नाही,
चपलांच्या रॅकवरून.
खरं तर रॅकवरून नाही, सुकटीच्या वासावरून,
आणि त्यावर मी जे बोलले त्यावरून.
ते काही इथे लिहीत नाही.

त्यांनी फडकं उचललं. (कुणी सांगितलं होतं?)
एक बोट रुतवलं पिठात.
खळगा सावकाश भरून आला.
"हजी वार छे," पिठालाच म्हणाल्या
आणि खाली गेल्या.
मी टाकीआड, मूठभर पाकळ्या धरून, श्वास रोखलेली.

खाली येऊन बघते तर माझ्या दारात वाटी.
लोणी.
पांढरं, पाण्यात तरंगणारं, आत्ताच घुसळलेलं.

आता आली का पंचाईत.
वाटी रिकामी परत करायची नसते, हे मला आईने शिकवलं.
एकाच ट्रेमध्ये कोपरा वेगळा ठेवून चालत नाही,
हे मला अकरा वर्षांच्या शेजाराने.
आणि दिवस मावळल्यावर त्या घरात पाण्याचा घोटही नाही.
घड्याळात सहाला दहा कमी.

मग आधी त्यांचा डबा.
लसणाच्या हातांना लिंबू चोळलं, तीनदा धुतले,
गोळे ठेवले खेटून खेटून,
वर त्यांचंच लोणी, ओवा, भरडलेली मिरी.
बावीस मिनिटं मी काचेसमोर
उकिडवी, गुडघे दुखेपर्यंत.
फुगले. एकमेकांना ढकलत फुगले.

सहा चौतीसला बेल वाजवली.
त्यांनी दारातच, रॅकला टेकून, एक गोळा सोडवला.
तो तुटला नाही, ताणला गेला, कापसासारखा,
मधून वाफ.
चावल्या. आकाशाकडे पाहिलं, अजून उजेड होता,
दुसरा घेतला.
"मीठुं ओछुं," म्हणाल्या
आणि डबा घेऊन आत.

रात्री दुसरा घाणा.
जुन्नरचा लसूण, बारीक पाकळीचा, खलबत्त्यात ठेचलेला,
अमूल, कोथिंबीर,
पिझ्झाच्या पुड्यांमधली वर्षभर साठवलेली मिरची.
पिळणकरांची तिन्ही पोरं, गोम्स काका, वॉचमन छोटेलाल,
सगळे ट्रेभोवती उभे, ताटल्या कुणालाच नकोत,
बोटं भाजतायत, ओढाओढी,
शेवटच्या तुकड्यावर पोरांची हाणामारी.
लसूण जिन्याने चढला, उतरला,
समोरच्या दाराखालूनही गेला असणार.
मी कान देऊन होते.
दार वाजलं नाही, खिडकी आपटली नाही,
टीव्ही तेवढा मोठा झाला.

झोपताना ऋजुताला फोन केला:
चिठ्ठीत मीठ चमचाभर लिहिलंयस,
सपाट की शिगोशीग?
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, आई,
कमी पडलं, असं म्हणालं कोण?