अजून काही झालेलं नाही

सकाळी जर्मन, वरच्या मजल्यावर.
फ्राउ लिंडेकुगल फळ्यावर वाक्य लिहितात
शेपटाशी जागा सोडून,
आणि खडू हातात धरून म्हणतात,
थांबा. अजून काही झालेलं नाही.

दुपारी तळघरात भाषाशास्त्र.
तेच वाक्य आता झाडासारखं, पण उलटं :
मूळ वर, फांद्या खाली.
डॉ. ऑकिनलेक विचारतात,
क्रियापद मुळात कुठे होतं, आणि उठून कुठे गेलं?
ग्लासगोच्या खिडक्या चारलाच काळ्या.

आमच्या लुइस बेटावर ते कुठेच जात नाही,
दारातच उभं असतं.
गॅलिकमध्ये घडलं ते आधी,
कुणाचं ते मागाहून.
नोव्हेंबरात बाबांचा फोन : "बुडाली..."
आणि त्यांनी श्वास घेतला.
त्या एका श्वासात मी आत्या बुडवली,
धाकटी शीना बुडवली, तिच्या पिवळ्या बुटांसकट,
मग कर्ता आला :
होडी. मर्डोची. रिकामीच होती.

टोर्बेन कीलचा. त्याचं सगळं शेवटी.
काल रात्री म्हणाला, "इश ह्योरे येत्स्ट..."
आणि रेंज गेली.

पुढे त्सू असेल, तर ऐकतोय, बोल.
आउफ असेल, तर बास, थांबतो मी.

परत लावला नाही फोन.
वहीच्या मागच्या पानावर
दोन्ही झाडं काढून ठेवलीत,
पेन्सिलनं.