आधीचा आजार : हो / नाही

दत्त चौकात, चिवड्याच्या दुकानावर
माझं एका टेबलाचं ऑफिस.
आजवर विकले ते दुबईचे विमे, थोडे सिंगापूरचे.
सेंट लुसिया नकाशात बोटानं शोधलं,
आधी शाईचा ठिपका समजून सोडून दिलं होतं.

समोर मल्लेशम वडनाल, वय एकोणसत्तर,
छत्तीस वर्षं लूमवर, शेवटची बारा टॉवेलच्या.
शेजारी बालम्मा. मांडीवर पिशवी,
पिशवीत शेंगाचटणी. "विमानात चालतंय का ओ हे?"
मुलगी श्रीवाणी तिथल्या दवाखान्यात नर्स,
तिचं पहिलं बाळंतपण. जूनमध्ये, एकवीस दिवस.

सूचना वाचून दाखवणं माझं काम.
उन्हापासून जपा, पारा एकतीसपर्यंत जातो.
एकतीस! मल्लेशम बालम्माकडं बघतात.
बाहेर एप्रिल, त्रेचाळीस,
माझा पंखा गरम हवाच इकडची तिकडं करतोय.
"स्वेटर घ्यावं लागंल की."

पाणी भरपूर प्या.
"नळ कितव्या दिवशी येतंय तिथं?"
हे कागदावर नाही. मी पुढं जाते.

डास. लांब बाह्या. जूनपासून वादळं,
रेडिओ सांगेल तसं वागा.
लाल झेंडा असेल तर समुद्रात उतरू नका.
मल्लेशम आयुष्यात एकदाच पोहले, हिप्परग्याच्या तलावात,
मिल बंद पडली त्या दुपारी.
आणि किनाऱ्यावर एक झाड असतं,
हिरव्या सफरचंदासारखी फळं. खाऊ नका.
पावसात त्याच्याखाली उभंही राहू नका, अंगावर फोड येतात.
बालम्मानं हे दोनदा विचारलं.
झाडाखाली उभं राहायचं नाही, हे तिला पटेना.

मग तो रकाना आला.
"नाही," मल्लेशम म्हणाले,
आणि खोकले.

रुईचा खोकला मला ओळखू येतो.
अशोक चौकामागं आमच्या गल्लीत
रात्री भिंतीपलीकडून यायचा, कुणाचा ते सांगता यायचं.
"ह्यो आजार न्हाई ओ बाई,
पगारासंगं मिळायचा, दर शनवारी."

मी पेन खाली ठेवलं.
'नाही' लिहिलं तर हप्ता कमी,
आणि तिकडं श्वास अडकला तर कंपनी हात वर करणार.
तिथल्या खाटेच्या चार रात्रींत
इथं एक लूम येतं, सेकंडहँड.
असंच सांगितलं त्यांना, लूममध्ये.
लगेच कळलं.

'हो' लिहिलं. हप्ता चार हजार दोनशेनं वाढला.
बालम्माचे ओठ हलले, हिशोब विड्यांत.
"एकवीस हजार."
तिनं नोटा मोजून दिल्या.
टेबलाला संध्याकाळपर्यंत तंबाखूचा वास.

कलम अकरा मी भरभर वाचते, सगळ्यांसमोरच.
मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च.
"मायदेशी म्हंजे? सोलापूरपतोर,
का मुंबईतच ठिवून जातेत?"
मी कागद उलटा केला, सुलटा केला.
"मुंबईच असंल," मल्लेशम म्हणाले,
"पुढं सिद्धेश्वर एक्स्प्रेस हाय की. रात्री बसलं की सकाळी घरी."
बालम्मा हसली नाही. मग हसली.
तेलुगूत काहीतरी बोलली. मला अर्धं कळलं,
अर्धं त्यांचं त्यांना राहू दिलं.

पॉलिसी छापून निघाली.
चष्मा लावून त्यांनी स्वतःचं नाव वाचलं,
मग आजाराचा रकाना, बोट फिरवत,
कापडात तुटलेला धागा शोधावा तसं.
"छत्तीस वर्षांत कुणी लिवून घेतलं नव्हतं," म्हणाले,
घडी घालून खिशात ठेवली.

मग गेले. त्यांचा खोकला
एकेक पायरी जिना उतरला,
चिवड्याच्या दुकानाशी जरा थांबला,
रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घातला,
आणि पुढं निघाला.