डब्यावरचं अस्वल

जांभळी नाक्यावर मनसुखने काउंटरवर मांडलं सगळं:
पाच सेलांची बॅटरी, गॅसचा भोंगा,
टोकाला लोखंड ठोकलेली काठी
आणि एक लाल डबा, त्यावर दोन पायांवर उभं अस्वल.
"मिरचीचा फवारा. तीस फूट जातो, काका. बाहेरचा माल."
अरे, नागल्याला अस्वल कुठून आणू?
"बिबट्याला काय कळतंय डब्यावर कोण आहे ते?"

डबा हातात घेतला. गार होता, बर्फातल्या जिताड्यासारखा.
वारा उलटा असला तर?
मनसुखच्या दुकानात वारा पंख्याचा,
त्याला एक ते पाच एवढंच ठाऊक.

परवा माझ्या बसायच्या दगडापाशी चिखलात
पंजा दिसला, नखं न उमटलेला.
त्यात पाणी साचलेलं,
पाण्यात एक निवटी, डोळे वर काढून.

सून म्हणाली, कुत्रा न्या.
कुत्रा नेणं म्हणजे त्याला ताट वाढून नेणं.
नातू म्हणाला, सुतळी बॉम्ब.
मग मासा काय माझ्यासाठी थांबणार आहे?

रात्री मतलई सुटते.
डोंगरावरून सागाचा कुजका पाचोळा हुंगत खाली येते,
माझ्या पाठीवरून खाडीत उतरते.
तोही तिकडूनच येणार, वाऱ्याच्या मागोमाग.
फवारा मी मारणार त्याच्यावर
आणि आंधळा होणार मीच,
साडेबाराशे रुपयांत.

चौकीवर सुलभा भोये नावाची वनरक्षक,
माझ्या मुलीपेक्षा लहान.
"काका, आमिष लावताना वाकता ना तुम्ही?
वाकलेला माणूस मागून चार पायांचा दिसतो."
त्रेसष्ट वर्षांत मी मागून कसा दिसतो
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
"उभं राहून लावा. एकटे जाऊ नका.
आणि बोलत राहा. मोठ्याने."
कुणाशी?
तिने वहीतून मान वर केली.
"गावात माणसं नाहीत का?"

गावात काथोड आहे.
भांग-उधाणाचा हिशेब त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतो,
वाऱ्याचा कमी.
अकरा वर्षं झाली बोलणं बंद होऊन, जाळ्याच्या एका खुंटावरून.
खुंट केव्हाच वाहून गेला.

त्याच्या ओट्याखाली उभा राहिलो. म्हटलं, बिबट्या.
"बघितला पंजा," तो म्हणाला.
कुठे?
"तुझ्या दगडापाशी."
माझ्या दगडापाशी तू काय करत होतास?
त्याने उत्तर दिलं नाही. चपला शोधू लागला.

आता एक खाडीकडे तोंड करून, एक डोंगराकडे,
पाठीला पाठ,
आणि दोघंही बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडतोय.
डिझेलचा भाव. त्याच्या गुडघ्याची वाटी.
त्याला तीन नातवंडं झालीत, मला दोनच माहीत होती.
पलीकडे घोडबंदर रोडवर ट्रक घाट चढताना रडतात,
त्यांच्यावर आवाज काढावा लागतो.
काथोडच्या पिशवीतून लाल डबा डोकावतोय,
अस्वल डोक्यावर उभं.
मी वाऱ्याचं काही बोललो नाही.

मग दोरी ताणली.
हळू. परत ताणली. मोठा असणार.
दोघंही एकदम गप्प झालो, जुन्या सवयीने,
मी कधी वाकलो तेही कळलं नाही,
आणि वर, अगदी जवळ,
सागाचं एक पान वाजलं.

काथोडची पाठ माझ्या पाठीला घट्ट लागली.
डब्याकडे त्याचा हात गेला नाही.
डोंगराकडे बघत, छाती फुटेल एवढ्या आवाजात तो म्हणाला,
"खुंट माझाच होता!"

मी ताठ झालो.
"माझा!"
"माझ्या बापाने रोवला!"
"तुझ्या बापाला रोवता येत होता का!"

किती वेळ चाललं कोण जाणे.
पान पुन्हा वाजलं नाही.
दोरी केव्हाच सैल पडली होती,
मासा आमिषासकट गेला.

घरी आलो तर सुनेने विचारलं, काय मिळालं?
सांगायला तोंड उघडलं.
घसा बसला होता.