आधी खाली बस

ओनीच्या वरच्या अंगाला, जिथे रिओनी ऐकू येते पण दिसत नाही,
तिथे आमच्या मधमाश्यांच्या बावीस पेट्या.
ओतिया धुराची किटली धरून उभा असतो
आणि उभ्या उभ्या त्याचा डोळा लागतो.
माश्या बाहीवरून चालत जातात.
त्यांना माहीत झालंय आता.

कुताइसीच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर बदामाएवढं गोल काढलं.
"एवढ्यात काही हजार पेशी. काम एकच, जाग धरून ठेवायची.
ओरेक्सिन पाझरत राहतं, म्हणून दिवस कलंडत नाही.
तुमच्या नवऱ्याच्या त्या पेशी गेल्या."
गेल्या म्हणजे? कुठे?
त्यांनी पेनाला टोपण लावलं.

राबणाऱ्या प्रत्येक मेंदूत म्हणे ॲडेनोसिन साठतं,
चुलीतल्या राखेसारखं. रात्रीची झोप ती राख उपसते.
कॉफी नुसती त्याच्या जागेवर जाऊन बसते,
आगाऊ पाहुण्यासारखी, घटकाभर.
एवढं मला कळलं. राख मला कळते.
कळलं नाही ते हसण्याचं.

कारण ओतिया पडतो तो हसण्याने.
आधी जबडा सैल, मग मान, मग गुडघे,
दोरीवरून ओला सदरा सुटावा तसा.
स्वप्नात आपण धावत सुटू नये म्हणून
मेंदू हातापायांना जे कुलूप घालतो
ते ह्याला भर दुपारी लागतं, टक्क जागेपणी.
ऐकू सगळं येतं.
लोक बोलतात ते सगळं.

मग गावाने हसवणं सोडलं.
मेजवानीत तमादा पेला उचलायचा, ह्याच्याकडे बघायचा,
आणि तोंडावर आलेला विनोद गिळून
मेलेल्यांच्या नावाने प्यायचा.
सासूने मला बजावलं, तू तरी जपून बोल.
मी सात महिने जपून बोलले.

दिवसभर सांडलेली झोप रात्री पुरत नाही.
अडीचला तो उठून बसतो, मग मीही.
काल म्हणाला,
"वाझिकोच्या गाढवाचं काय झालं ते
अख्ख्या गावाला ठाऊक आहे. मला सोडून."

मी घोंगडी अंथरली. स्टूल लांब सरकवलं.
म्हटलं, आधी खाली बस.
त्याचं डोकं मांडीवर घेतलं
आणि सुरुवात केली.

गाढव पुलावर पोचेपर्यंत जबडा सुटला होता.
मी थांबले.
पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आत डोळे लख्ख.
एक बोटही हलत नव्हतं,
तरी कळलं मला, तो म्हणतोय, पुढे?

पुढे, पूल लाकडी होता.